माझ्या वाट्याची झोप

आमच्या घरात सर्वांत जास्त झोपायचा तो मी.

आई पहाटे साडेतीनला उठायची. शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या परड्यात दोन म्हशी होत्या. त्यांची वैरण, शेण आणि धार उजाडायच्या आत उरकावी लागे. आण्णा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मोल्डर होते. त्यांची नाईट शिफ्ट असली की ते सकाळी आठला घरी यायचे आणि पत्र्याच्या खोलीत, भर उन्हात, तोंडावर टॉवेल टाकून पडायचे. दादा साडेचारला उठून सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवायचा आणि रतीब घालायला बाहेर पडायचा. मी मात्र सव्वापाचपर्यंत झोपलेला असे. मला कुणी हाक मारायची नाही, असा घरात नियमच होता. परड्यात बादली वाजली तर आज्जी तिकडून दटावायची, "हळू, झोपूंदे त्याला."

पुढे मी चौदा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळलो. लेफ्ट बॅक. आय-लीग, इंडियन सुपर लीग (आयएसएल), पुन्हा आय-लीग, असा प्रवास झाला. आता कुठे सत्कार असला, शाळेत मुलांशी बोलायला बोलावलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती मेहनत घेतलीत?" मी काय केलं ते सांगतो, आणि ते खरंच केलेलं असतं. पण सांगताना डोळ्यांसमोर ते घर येतं, जिथे मेहनत करणारा म्हणून ओळखला जाणारा पोरगा झोपलेला आहे आणि बाकीची माणसं जागी आहेत.

हे नीट समजायचं तर फुटबॉलपटूच्या शरीराचं काम कसं चालतं ते सांगायला हवं. नव्वद मिनिटांच्या सामन्यात माझ्यासारखा खेळाडू दहा-अकरा किलोमीटर पळतो. अंतर ऐकून कुणाला आश्चर्य वाटत नाही, मॅरेथॉनवाले त्याच्या चौपट पळतात. फरक पळण्याच्या जातीत आहे. बॅकला टचलाइनच्या कडेने पुढे जाऊन सेंटर टाकायचा असतो, आणि बॉल गेला की तेवढंच अंतर जिवाच्या आकांताने मागे यायचं असतं. थांब, वळ, पुन्हा सुसाट. दर वेळी मांडीचा मागचा स्नायू ताणला जातो आणि त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. आज मोठ्या क्लबांत जर्सीच्या आत एक बनियन घालतात. दोन खांद्यांच्या मधल्या खिशात काड्यापेटीएवढं जीपीएस यंत्र असतं. किती पळालास, किती वेळा वेग घेतलास, किती वेळा गचकन थांबलास, सगळं त्यात उतरतं. सामना संपल्यावर फिटनेस कोच तो तक्ता बघून पुढचा आठवडा ठरवतो.

आणि तो आठवडा बाहेरच्या माणसाला फार हलका वाटेल. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सायकल, पोहण्याचा तलाव, बर्फाचं पाणी. मग सुट्टी. मधले दोन दिवस खरे कष्टाचे. सामन्याच्या आदल्या दिवशी जेमतेम तासभर. एरवी रोजचा सराव दीड ते दोन तास. उरलेले बावीस तास काय करायचं? जपायचं. वेळेवर जेवायचं, पाणी प्यायचं, उगाच उभं राहायचं नाही, मित्राच्या वरातीत नाचायचं नाही. आणि झोपायचं. फाटलेले तंतू गाढ झोपेत भरून येतात. शरीर आपली वाढीची संप्रेरकं मुख्यतः त्याच वेळी सोडतं. स्नायूंतली संपलेली साखर पुन्हा साठायला दोन-एक दिवस लागतात. झोप कमी पडली की पाय अर्ध्या क्षणाने उशिरा पोचतो. बॅकचा पाय अर्ध्या क्षणाने उशिरा पोचला की तो बॉलऐवजी समोरच्याच्या घोट्यावर लागतो, पेनल्टी बसते, आणि लोक म्हणतात, याची मेहनत कमी पडली.

हे शास्त्र मला विशी ओलांडल्यावर कळलं. आईला ते कुणी शिकवलं नव्हतं. तिला म्हशींवरून माहीत होतं: ज्या जनावराला नीट बसून रवंथ करू दिलं नाही ते दूध देत नाही.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे फुटबॉल तालमीतून आला आणि पेठेपेठेत रुजला. क्लबांची नावं बघा: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. जिथे कुस्तीची माती आहे तिथेच फुटबॉलच्या जर्सी वाळत घातलेल्या असतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग सुरू झाली की दुपारी शहराचा ओढा शाहू स्टेडियमकडे वळतो. सराफ दुकान पोरावर सोडून येतो, रिक्षावाला रिक्षा लावून येतो. वर्ल्ड कपच्या वर्षी तर गल्ली ब्राझीलची की अर्जेंटिनाची हे पताकांवरून ओळखावं लागतं. अशा शहरात मुलाला फुटबॉलचं वेड लागलं तर घरचे कपाळावर हात मारत नाहीत. त्याबाबतीत मी मुंबई-पुण्याच्या कितीतरी मुलांपेक्षा सुदैवी होतो.

माझं मैदान म्हणजे गांधी मैदान, जे पावसाळ्यात मैदान कमी आणि तळं जास्त असतं. माझे पहिले बूट दादाचे जुने. सोल सुटला की आण्णा ते चप्पल शिवणाऱ्या एका मामांकडे न्यायचे. कोल्हापुरी चपलेला घालतात तशी चामड्याची वादी घालून मामा सोल शिवून द्यायचे. दोन मोसम तो टाका निघाला नाही. पुढे परदेशी कंपनीचे बूट घातले, पण तसा पक्का टाका पुन्हा बघितला नाही.

दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. आमच्या तालमीच्या सिनिअर संघात तो सोळाव्या वर्षी सेंटर फॉरवर्ड खेळायला लागला. तो माझ्यापेक्षा चांगला खेळाडू होता. भावाच्या मायेने म्हणत नाही. चौदा वर्षं मी फॉरवर्ड अडवण्याचं काम केलंय, त्यातलं मला कळतं. गोलकडे पाठ करून, अंगावर बॅक घेऊन, उंचावरून आलेला बॉल छातीवर मारून तो असा खाली ठेवायचा की बॉलला जमिनीवर पडल्याचं कळू नये. हा पहिला टच शिकवून येत नाही, मी कितीतरी जणांना तो शिकताना आणि न येताना पाहिलंय.

२००३ च्या एप्रिलमध्ये ओतकाम चालू असताना आण्णांच्या पायावर लोखंडाचा रस उडाला. बूट काढेपर्यंत पाऊल भाजलं होतं. ते तीन महिने अंथरुणावर होते. त्याच उन्हाळ्यात माझी पुण्याच्या निवासी क्रीडा प्रशिक्षणासाठी निवड झाली. मी बारा वर्षांचा, दादा सतरा, बारावीची परीक्षा नुकतीच दिलेला. घरात काय बोलणं झालं ते मला फारसं आठवत नाही, कारण बोलणं झालंच नाही. एके दिवशी दादा पहाटे रतीब घालून आला, आंघोळ केली, आण्णांचा डबा घेतला आणि त्यांच्याच फौंड्रीत हेल्पर म्हणून गेला. आई दारात उभी होती. मला पुण्याला पाठवावं की नाही, असं तिने त्याला रात्री विचारलं असावं, कारण जाता जाता तो म्हणाला, "त्याला जाऊंदे. म्हशी हाईत, मी हाय."

फर्स्ट शिफ्ट सकाळी सातची. त्याआधी रतीब. सेकंड शिफ्ट असली की रात्री बाराला घरी, आणि साडेचारला पुन्हा सायकलवर. असं करून त्याने आणखी चार वर्षं तालमीकडून सामने खेळले, शिफ्ट बदलून मिळेल तेव्हा. मग सोडलं. तो शाहू स्टेडियमवर शेवटचा सामना खेळला तेव्हा मी पुण्यात होस्टेलवर होतो. आदल्या रात्री नऊ तास झोपलो होतो, कारण दुसऱ्या दिवशी माझाही सामना होता.

होस्टेलच्या दिवसांबद्दल लांबण लावत नाही. पहाटेचा सराव, शाळा, संध्याकाळचा सराव, उकडलेली अंडी, घरची आठवण. सगळ्यांचं सारखंच असतं. एक गोष्ट मात्र माझ्या घरची होती. दुधाच्या वहीत आई रोजच्या गिऱ्हाइकांच्या नावांखाली एक ओळ लिहायची: ‘घरी, अर्धा’. तो अर्धा लिटर माझा होता. मी पुण्याला गेल्यावर तिने ती ओळ खोडली नाही. तो अर्धा लिटर ती विकायची आणि त्याचे पैसे वेगळ्या डब्यात टाकायची. महिन्यातून एकदा दादा एसटीने पुण्याला यायचा, बदाम, खारीक आणि शेंगदाण्याचे लाडू घेऊन. ते लाडू त्या डब्यातले. भेट अर्ध्या तासाची, येण्या-जाण्याचा प्रवास दहा-बारा तासांचा. बाकावर बसल्या बसल्या तो पेंगायचा. मला वाटायचं, दादाला माझ्याशी बोलण्यात रस नाही.

माझा पहिला करार झाला २०११ मध्ये, महिना अठरा हजार रुपयांचा. मी कागद घेऊन घरी आलो. आण्णांनी चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचला, आणि विचारलं, "ह्यात पेन्शन कुठं हाय?"

हा प्रश्न वेड्यासारखा नव्हता. त्यांच्या पिढीसाठी चांगला फुटबॉलपटू म्हणजे नोकरीतला फुटबॉलपटू. मुंबईत रेल्वे, कस्टम्स, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, बँका, पोलीस, सगळ्यांचे संघ असत. मुलगा सकाळी सराव करी, दुपारी ऑफिसात सही करी, संध्याकाळी कूपरेजवर खेळे, आणि गुडघा गेला तरी पगार चालू राही. एअर इंडिया आणि ओएनजीसी हे संघ तर २०१३ पर्यंत आय-लीगमध्ये होते. व्यावसायिक करारात यातलं काही नाही. करार ठरावीक मुदतीचा, फिफाच्या नियमाने जास्तीत जास्त पाच वर्षांचा. आमच्याकडे बहुतेकांच्या हातात एका किंवा दोन मोसमांचा कागद असतो. ३१ मेला तो संपतो आणि १ जूनला तुम्ही बेकार असता. अंगात कितीही मेहनत साठलेली असो. कराराच्या शेवटच्या सहा महिन्यांत दुसऱ्या क्लबशी बोलता येतं, म्हणून जानेवारी उजाडला की ड्रेसिंग रूममध्ये फोन जास्त वाजतात.

आण्णांना हवी होती पोलीस भरती किंवा रेल्वे. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे त्यांनी वर्तमानपत्रातून कापून ठेवलं होतं. ते कात्रण पाकिटात घालून त्यांनी मला दिलं आणि म्हणाले, "आत्ता सही कर. पण हे ठेव." ते बरोबर होते. हे कळायला मला पाच वर्षं लागली.

त्याआधी आणि त्यानंतरही क्लब बंद पडताना बघितले. मुंबईचा महिंद्रा युनायटेड, राष्ट्रीय विजेता संघ, २०१० मध्ये गुंडाळला गेला. पुढच्या वर्षी पंजाबचा जेसीटी. २०१६ मध्ये गोव्यातले साळगावकर आणि स्पोर्टिंग राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. पुण्याचा आयएसएल संघ २०१९ मध्ये संपला. क्लब बंद होतो म्हणजे मालक बातमी देतो आणि पंचवीस पोरं बॅगा भरतात. मी अशा एका क्लबात होतो, नाव लिहीत नाही, जिथे तीन महिने पगार आला नाही. आता फिफाचा नियम स्पष्ट आहे: दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस द्यायची, पंधरा दिवस वाट बघायची, आणि तरीही पैसे आले नाहीत तर खेळाडू करार मोडू शकतो. आमच्या वेळी हा नियम यायचा होता, आणि असता तरी आमच्यातल्या किती जणांनी ती नोटीस पाठवली असती कोण जाणे. मणिपूरचा एक मुलगा, माझा खोलीतला जोडीदार, त्या महिन्यांत घरी फोन करून सांगायचा की पगार वाढलाय.

आयएसएल २०१४ मध्ये आली. सुरुवातीची तीन वर्षं ती ऑक्टोबर ते डिसेंबर चालायची, म्हणून आय-लीगचे क्लब आपले खेळाडू तीन महिने तिकडे लोनवर द्यायचे. टीव्हीवर दिसलो, आईने पहिल्यांदा मला हाफ पँटीत पंचवीस हजार लोकांसमोर बघितलं. पैसे बरे मिळाले. परड्याला पक्कं छप्पर झालं, आण्णांच्या खोलीवरचा पत्रा निघून स्लॅब पडला. ते निवृत्त व्हायला तेव्हा दीड वर्ष उरलं होतं, म्हणजे गार खोलीत दिवसा झोपायचं सुख त्यांना जेमतेम दीड वर्ष मिळालं.

इथे मेहनतीबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मुलांना आपण सांगतो की घाम गाळला की जागा मिळते. माझी जागा डाव्या पायाने मिळवली. डावखुरे खेळाडू थोडे, आणि लेफ्ट बॅकला डावा पाय लागतो. शिवाय सुरुवातीच्या आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडू चालत, पुढे पाच, २०२१ पासून चार. क्लब या जागा कुठे खर्च करतात? गोल करणाऱ्यावर, मधल्या फळीतल्या सूत्रधारावर, सेंटर बॅकवर. कडेचे बॅक आणि विंगर भारतीय ठेवतात. त्यामुळे माझ्या वयाच्या किती तरी भारतीय सेंटर फॉरवर्डांनी माझ्याएवढीच मेहनत करून बाकावर वय घालवलं. सुनील छेत्रीसारखा एखादाच त्या गर्दीतून वर राहिला. दादा खेळत राहिला असता तर तोही त्याच रांगेत उभा असता. हा विचार मी स्वतःच्या समाधानासाठी अनेकदा केला आहे, आणि दर वेळी त्याचा तो पहिला टच आठवून तो विचार सोडून दिला आहे.

फेब्रुवारी २०१६. बाहेरगावचा सामना, एकसष्टावं मिनिट. समोरच्या विंगरने आत कट मारला, मी वळलो. बूट गवतात रुतलेला राहिला आणि गुडघा वळला. आवाज मला ऐकू आला, जाड काडी मोडावी तसा. एसीएल, म्हणजे गुडघ्यात मांडीचं आणि नडगीचं हाड धरून ठेवणारी तिरकी दोरी. ती तुटली की आपोआप जुळत नाही. डॉक्टर खेळाडूच्याच मांडीच्या मागच्या बाजूची शीर काढून हाडांना भोकं पाडून तिच्या जागी बसवतात. शस्त्रक्रियेचा खर्च क्लबने दिला. करार मेअखेर संपला आणि पुढचा आला नाही. मी पंचविशीत, कुबड्या घेऊन शिवाजी पेठेत परत आलो.

पुढच्या महिन्यांतली मेहनत माझ्या आयुष्यातली सर्वांत कष्टाची होती, आणि ती बघायला जीपीएस नव्हतं. पहिलं काम गुडघा पूर्ण सरळ करायचं. वाकवणं नंतर. महिनाभरात मांडी अशी बारीक झाली की दोन्ही पायांची विजार एकाच माणसाची वाटेना. फिजिओथेरपिस्टने घोट्याला वजन बांधून पाय उचलायला सांगितलं होतं. आईने आण्णांच्या जुन्या विजारीचे पाय कापून पिशव्या शिवल्या. दादाने फौंड्रीबाहेर टाकलेली काळी वाळू आणून, चाळून त्यात भरली आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून घेतली: अर्धा किलो, एक, दीड, दोन. प्रत्येक पिशवीवर खडूने आकडा. सेकंड शिफ्ट करून तो रात्री बाराला यायचा, हात-पाय धुवायचा आणि माझी टाच तळहातावर घेऊन बसायचा. मी गुडघा खाली दाबायचा, त्याने मोजायचं. दहा मोजून तो डोळे मिटायचा, अकराला उघडायचा.

तिसऱ्या महिन्यात दुखणं थांबलं. रंकाळ्याच्या काठाने मी भराभर चालायला लागलो. तालमीचा एक सामना होता, पोरं घरी आली: "भावा, नुसता वीस मिनिटं उभा ऱ्हा." माझं मन पूर्ण तयार होतं. खरं तर हाच काळ सर्वांत नाजूक असतो. बसवलेली शीर आधी कमकुवत होते, तिच्यात नवा रक्तपुरवठा यायला वेळ लागतो, आणि वेदना मात्र त्याआधीच गेलेली असते. डॉक्टरांनी हे सांगितलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. आण्णा परड्याच्या उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी भाजल्याची खूण असलेला पाय पुढे केला आणि म्हणाले, "कास्टिंग वरनं काळं पडतं, आत लाल असतंय. घाई करून साचा फोडला की तडा जातो. मग ते भंगारात." पोरं चहा पिऊन गेली.

अकराव्या महिन्यात मी पुन्हा सामना खेळलो, निम्म्या पगाराच्या करारावर. त्या वाळूच्या पिशव्या अजून आहेत. आता गांधी मैदानावर येणारी मुलं त्या वापरतात.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये भारतात सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघात होता. त्या दिवसांत सगळ्या पेठांची एकच पेठ झाली होती. मी टीव्हीसमोर दादाच्या शेजारी बसलो होतो. अनिकेतला बॉल मिळाला की दादाचा डावा खांदा आपोआप पुढे यायचा, अंगावर बॅक घेतल्यासारखा. बाकीचे बॉल बघत होते. मी ते बघत होतो.

२०२०-२१ चा आयएसएल मोसम कोविडमुळे सगळाच्या सगळा गोव्यात झाला. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, तीन स्टेडियम, अकरा संघ, प्रेक्षक एकही नाही. हॉटेलच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. टिळक मैदानावर गोल झाला की आमचेच आवाज रिकाम्या जिन्यांवरून परत यायचे. जानेवारीत मला मुलगी झाली. मी तिला फोनच्या पडद्यावर बघितलं, दोन महिने. बाहेर पडलो असतो तर विलगीकरण करून परत यावं लागलं असतं आणि संघातली जागा गेली असती. पत्नीने मला जा म्हटलं नाही आणि ये म्हटलं नाही. रात्री दोनला, तीनला, चारला ती उठायची. मी काळे पडदे ओढून, क्लबच्या वेळापत्रकाप्रमाणे, नऊ तास झोपायचो. तेव्हा मी तीस वर्षांचा होतो, आणि घरातला झोपलेला माणूस पुन्हा मीच होतो. ज्या गोष्टी लहानपणी कळल्या नव्हत्या त्या मला त्या हॉटेलात कळल्या. पेंगणारा दादा तिथे आठवला.

माझा शेवटचा करार ३१ मे २०२५ ला संपला. त्याच जुलैत लीगचे आयोजक आणि भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यातला करार संपत आल्यामुळे पुढचा आयएसएल मोसम थांबवण्यात आला आणि पुढे काही क्लबांनी खेळाडूंचे पगारही थांबवले. तरुण मुलांचे फोन यायचे, बाईकचे हप्ते, आईचं औषध, आता काय करू. मी प्रत्येकाला आण्णांच्या कात्रणाबद्दल सांगितलं. खेळ थांबवण्याचा माझा निर्णय झाला होता.

फिफाच्या नियमांत एक तरतूद आहे, ती मला फार आवडते. एखादा खेळाडू करार चालू असताना पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे. बाराव्या ते पंधराव्या वर्षापर्यंत वर्षाला पाव टक्का, पुढे वर्षाला अर्धा. घडवणाऱ्याचा हिस्सा असतो, हे जगाने आकडा लावून मान्य केलं आहे. आमच्यासारख्यांपर्यंत हे पैसे येत नाहीत, कारण आम्ही करार संपल्यावर मोकळे होऊन क्लब बदलतो. तरीही तो तक्ता पहिल्यांदा वाचताना बाराव्या वर्षापुढचा पाव टक्का बघून मी थांबलो होतो. माझं बारावं वर्ष म्हणजे २००३.

आता मी सकाळी साडेसहाला गांधी मैदानावर मुलांना शिकवतो. नवीन मुलगा आला की आई-वडिलांना विचारतो, किती वाजता झोपतो, आणि त्याच्या झोपेच्या वेळी घरात कोण जागं असतं. काहींना प्रश्न कळत नाही.

म्हैस आता एकच आहे. आई धार काढते, जाताना अजून शेजारणीला म्हणते, "मी येतो परड्यात जाऊन." रतीब दादाच घालतो, वीस घरांचा. फौंड्रीतली नोकरीही चालू आहे. गेल्या महिन्यात एका रविवारी मी त्याला सांगितलं, उद्या तू झोप, मी जातो. सोमवारी त्याला सुट्टी होती. साडेचारला कॅन मोटरसायकलला अडकवून मी गंगावेशीपर्यंतची सगळी घरं केली. परत आलो तेव्हा सहा वाजले होते, आणि दादा परड्यात होता. शेण काढून झालं होतं, म्हशीपुढे वैरण पडली होती. अंघोळ करून तो उंबऱ्यावर बसला होता.

"झोपला न्हाईस?"

"साडेचारला डोळा उघडतोच," तो म्हणाला. मग कॅनमध्ये डोकावून त्याने विचारलं, "वेशीतल्या काकूंच्यात पाव्हणं आल्यात. पाव लिटर जादा दिलंस न्हवं?"

मी विसरलो होतो. त्याने भिंतीवरचं माप घेतलं, कॅन उचलला आणि सायकल काढली.